वर्गात आलेले नवे मूल

या महिन्यात आलेली बरीच पत्रे एकाच विषयावरची होती : देश किंवा प्रांत सोडून आलेली मुले, नव्या वर्गात होणारी किंवा न होणारी त्यांची मैत्री, आणि या मैत्रीवर लिहिलेली चित्रपुस्तके. पत्रे संक्षेपाने देत आहे आणि पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझी नात सहा वर्षांची आहे. मुलगा आणि सून नोकरीनिमित्त मेलबर्नला गेल्यापासून ती घरात भरभरून बोलते, पण शाळेत तोंड उघडत नाही, असे तिच्या शिक्षिकेने कळवले आहे. मी लवकरच तिकडे जाणार आहे. तिला धीर येईल असे एखादे पुस्तक सुचवावे. मला इंग्रजी जेमतेम येते, त्यामुळे ते मी वाचून कसे दाखवणार, हीही अडचण आहे. (एक आजी, नाशिक)

उत्तर : नातीच्या गप्प राहण्याने आपण घाबरून जाऊ नये. नव्या भाषेच्या वर्गात आलेली पुष्कळ मुले आधी काही आठवडे, कधी काही महिनेही, नुसती ऐकत असतात. त्या काळात ती शिकतच असतात, फक्त चारचौघांत बोलून पाहण्याची त्यांची तयारी झालेली नसते. मात्र बरेच महिने उलटूनही ती शाळेत खुणेनेसुद्धा उत्तर देत नसेल, तर शिक्षिकेशी आणि तिथल्या डॉक्टरांशी बोलणे आवश्यक आहे. अशा वेळी पुस्तकावर विसंबून राहू नये.

आपल्याला हवे असलेले पुस्तक ऑस्ट्रेलियातच तयार झाले आहे. इरेना कोबाल्ड यांनी लिहिलेले आणि फ्रेया ब्लॅकवुड यांनी चितारलेले ‘माय टू ब्लँकेट्स’ हे पुस्तक २०१४ साली प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या बालपुस्तक परिषदेने त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपुस्तकाचा पुरस्कार दिला. कोबाल्ड स्वतः ऑस्ट्रियातून ऑस्ट्रेलियात आलेल्या आहेत आणि इंग्रजी ही ज्यांची पहिली भाषा नाही, अशा मुलांना त्यांनी शिकवले आहे. गोष्टीतील मुलगी युद्धामुळे देश सोडून आलेली आहे. नव्या गावातील अनोळखी शब्द अंगावर कोसळणाऱ्या थंड धबधब्यासारखे वाटतात, म्हणून ती घरी येऊन आपल्या जुन्या शब्दांचे पांघरूण गुरफटून बसते. पुढे बागेत एक मुलगी तिच्याकडे पाहून हसते, पुन्हा भेटते, झोपाळ्यावर झोके देते आणि प्रत्येक भेटीत काही शब्द घेऊन येते. त्या शब्दांचे दुसरे पांघरूण हळूहळू विणले जाते. पहिले पांघरूण मात्र फेकून दिले जात नाही. पुस्तकाच्या नावातच दोन पांघरुणे आहेत, आणि मला या पुस्तकाचे सर्वांत मोठे मोल तिथेच वाटते, कारण नवी भाषा यावी म्हणून घरातली भाषा मागे टाकावी लागते, ही भीती परदेशी गेलेल्या अनेक मराठी आईवडिलांच्या मनात असते आणि काही जण तर मुलांशी घरात मराठी बोलणेच सोडून देतात.

इंग्रजीची अडचण या पुस्तकापुरती तरी आपल्याला आड येणार नाही. ब्लॅकवुड यांनी मुलीचे जुने जग नारिंगी आणि तांबड्या रंगछटांत रंगवले आहे, तर नवे शहर निळसर, करड्या रंगांत. मुलीचे मन कुठे आहे हे रंगच सांगतात. आपण नातीला मांडीवर घेऊन चित्रे पाहावीत आणि गोष्ट सरळ मराठीत सांगावी. इंग्रजी मजकूर नंतर आई वाचेल, किंवा काही दिवसांनी नातच आपल्याला वाचून दाखवेल, आणि तसे झाले तर त्यासारखी चांगली गोष्ट नाही. फक्त एक पथ्य पाळावे. “ही अगदी तुझ्यासारखीच आहे ना?” असे विचारू नये. मुलाला स्वतःचे दुःख दुसऱ्याच्या गोष्टीत दिसते तेव्हा ते ओळखायचे की नाही, मोठ्याने बोलायचे की नाही, हे त्याचे त्याला ठरवू द्यावे. शिवाय जाताना बॅगेत तिची इथली, हाताळून कोपरे दुमडलेली मराठी पुस्तकेही न्यावीत. ती तिला नव्या पुस्तकाइतकीच लागतील.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. डब्यातील थालीपिठाच्या वासावरून वर्गातील मुलांनी नाके मुरडली, तेव्हापासून आमचा सात वर्षांचा मुलगा डब्यात फक्त जॅम-ब्रेड नेतो. म्हणून त्याला ‘द सँडविच स्वॉप’ हे पुस्तक आणून दिले. ते वाचून तो म्हणाला, “असं खरं होत नाही.” आमची पुस्तकाची निवड चुकली का? (एक वडील, एडिसन)

उत्तर : निवड चुकलेली नाही, पण मुलाचे म्हणणे मी गंभीरपणे घेईन. जॉर्डनच्या राणी रानिया आणि केली डिपुचियो यांनी लिहिलेल्या या पुस्तकात (२०१०, चित्रे ट्रिशिया टुसा यांची) सलमा आणि लिली या जिवलग मैत्रिणी आहेत. एकीच्या डब्यात हमस (काबुली चण्यांची चटणी) असते आणि दुसरीच्या डब्यात पीनट बटर. दोघींनाही मनातून दुसरीचे सँडविच किळसवाणे वाटत असते. एके दिवशी ते बोलून दाखवले जाते, भांडण पेटते, सगळी शाळा दोन तटांत विभागली जाते आणि जेवणघरात एकमेकांवर अन्न फेकले जाते. मग दोघी खजील होतात, एकमेकींचे सँडविच चाखतात आणि समेट होतो.

या गोष्टीतील दोन बाबी मला फार मोलाच्या वाटतात. एक म्हणजे त्यात कुणालाही ‘बाहेरची’ म्हटलेले नाही आणि किळसही दोन्ही बाजूंनी सारखीच आहे. दुसरी म्हणजे या मुलींची मैत्री आधीची आहे. त्या चित्रे काढतात, दोरीवरच्या उड्या मारतात, आणि म्हणूनच भांडण मिटवावेसे वाटण्याइतके काहीतरी त्यांच्यात शिल्लक राहते. आपल्या मुलाला नेमके हेच खोटे वाटले असेल, कारण त्याच्या वर्गात नाके मुरडणारी मुले अजून त्याची मित्र झालेली नाहीत. एका घासाने मैत्री होते, असे या पुस्तकाने म्हटलेलेच नाही. आपण मोठी माणसे मात्र ते तसे वाचतो आणि मुलाने थालीपीठ वाटले की सगळे सुरळीत होईल, अशी आशा धरतो.

म्हणून डब्याचा आग्रह सध्या सोडावा. जॅम-ब्रेड नेल्याने त्याचे मराठीपण जात नाही. थालीपीठ संध्याकाळी घरी आहेच. वासावरून चिडवणे चालूच राहिले, तर ते शिक्षिकेच्या कानावर घालणे हे आपले काम आहे, ते सात वर्षांच्या मुलावर टाकू नये. मधल्या सुट्टीत तो कुणाबरोबर काय खेळतो, हे मात्र विचारत राहावे.

त्याला पुढचे पुस्तक द्यायचे असेल तर ईव्ह बंटिंग यांचे ‘वन ग्रीन ॲपल’ (२००६, चित्रे टेड लेविन यांची) पाहावे. बंटिंग स्वतः उत्तर आयर्लंडमधून अमेरिकेत स्थलांतरित झाल्या होत्या. डोक्याला रुमाल बांधणारी फराह ही मुलगी नुकतीच शाळेत आली आहे आणि तिला इंग्रजी येत नाही. वर्गाची सहल सफरचंदाच्या बागेत जाते आणि प्रत्येकाने एकेक सफरचंद तोडून रस काढण्याच्या यंत्रात टाकायचे असते. फराह एकटी छोटे हिरवे सफरचंद निवडते. सगळ्यांच्या लाल फळांत तिचे हिरवे फळ मिसळून जाते, हे रूपक मला थोडे खटकते, कारण मिसळण्यासाठी वेगळेपण विरघळवावेच लागते, असा अर्थ त्यातून निघू शकतो. पण त्याच पुस्तकात यंत्राचा जड दांडा सगळी मुले मिळून फिरवतात आणि फराहही हात लावते. त्या क्षणी तिला काही समजावून सांगावे लागत नाही किंवा बोलूनही दाखवावे लागत नाही. लहान मुलांची मैत्री बहुधा अशा एखाद्या कामातच जुळते, आणि अशी जागा ज्या पुस्तकात असते ते पुस्तक मुलांना खरे वाटते.

प्रश्न : माझ्या मुलीच्या नावात ऋकारही आहे आणि जोडाक्षरही. टोरांटोच्या शाळेत तिने स्वतःहूनच एक सोपे इंग्रजी नाव सांगून टाकले. ते मोडून काढावे का? या विषयावर एक प्रसिद्ध पुस्तक आहे असे ऐकले. (एक आई, टोरांटो)

उत्तर : आपण ऐकले ते यांगसूक चोई यांचे ‘द नेम जार’ असावे. ते २००१ साली आले आणि आजही शाळांमधून वाचले जाते. कोरियाहून अमेरिकेत आलेली उनही नावाची मुलगी शाळेच्या बसमध्ये नावावरून झालेली थट्टा सोसते आणि वर्गात सांगते, की मी अजून नाव ठरवलेले नाही. मग मुले तिच्या बाकावर एक बरणी ठेवून त्यात नावांच्या चिठ्ठ्या टाकतात. जोई नावाचा मुलगा मात्र तिच्याकडचा, आजीने दिलेला नावाचा लाकडी शिक्का पाहतो. पुढे बरणी नाहीशी होते, कारण तिने स्वतःचेच नाव ठेवावे म्हणून जोईनेच ती दडवलेली असते.

हे पुस्तक मुलीबरोबर जरूर वाचावे, पण उनहीने जे केले तेच तूही कर, असा हुकूम त्यातून काढू नये. उनहीवर कुणी सक्ती करत नाही. ती चिठ्ठ्या वाचते, विचार करते आणि मग स्वतः ठरवते. आपल्या मुलीलाही तेवढा वेळ मिळावा. दरम्यान तिचे खरे नाव शिक्षिकेला नीट उच्चारून शिकवावे, म्हणजे ज्या दिवशी ते तिला परत हवेसे वाटेल त्या दिवशी वर्गात एक तरी माणूस ते बरोबर उच्चारणारे असेल.

प्रश्न : आमची मुलगी लंडनमध्येच जन्मली आणि आता आठ वर्षांची आहे. तिच्या वर्गात युद्धातून सुटून आलेल्या कुटुंबातील एक मुलगी आली आहे आणि शिक्षिकेने तिला आमच्या मुलीशेजारी बसवले आहे. आमची मुलगी कुरकुरते : “ती बोलतच नाही, आणि सगळीकडे मलाच तिला न्यावं लागतं.” अशा वेळी तिला रागवावे की पुस्तक द्यावे? (एक आई, लंडन)

उत्तर : आपले पत्र मला विशेष महत्त्वाचे वाटले. परदेशातील मराठी मूल म्हणजे नवखे मूल, असे आपण धरूनच चालतो, पण तिथेच जन्मलेले मूल त्या वर्गातील जुने रहिवासी असते, आणि नव्या मुलीच्या दृष्टीने आपली मुलगीच तिथली यजमान आहे.

रागवू नये. तिची कुरकुर प्रामाणिक आहे आणि तिच्या बाजूने लिहिलेले पुस्तकही आहे. ॲन सिब्ली ओब्रायन यांनी २०१५ साली ‘आय ॲम न्यू हिअर’ लिहिले आणि चितारले. ग्वाटेमालाची मारिया, दक्षिण कोरियाचा जिन आणि सोमालियाची फातिमा एका अमेरिकन शाळेत येतात, ही त्याची गोष्ट. मग २०१८ साली त्यांनी ‘समवन न्यू’ हे जोडपुस्तक केले. त्यात तीच शाळा आणि तीच मुले आहेत, पण गोष्ट आधीपासून वर्गात असलेल्या जेसी, जेसन आणि एमा यांच्या नजरेतून येते. नव्या मुलांशी कसे वागावे हे या तिघांना कळत नाही. ती अवघडतात, मदत करायला जातात आणि फसतात. नंतर फुटबॉल, गोष्टी रचणे, चित्रे काढणे अशा कामांतून वाटा सापडतात. ओब्रायन यांचे स्वतःचे बालपण अमेरिकन आईवडिलांबरोबर दक्षिण कोरियात गेले, म्हणजे वर्गात वेगळे दिसणारे मूल त्या स्वतः होत्या. दोन्ही बाजूंचे अवघडलेपण त्यांच्या पुस्तकांत इतके नेमके येते, याचे कारण मला यातच दिसते.

दोन्ही पुस्तके लागोपाठ वाचावीत, पण ‘समवन न्यू’ आधी. आपल्याला जे वाटते ते पुस्तकात लिहिलेले आहे, हे तिला आधी दिसू द्यावे. मग दुसरे पुस्तक वाचताना शेजारी बसलेल्या गप्प मुलीच्या मनात काय चालले असेल, हे तिला आपोआप दिसेल.

या प्रकारच्या पुष्कळ पुस्तकांत नवे मूल केवळ दुसऱ्यांच्या चांगुलपणाची संधी म्हणून येते. ते दुःखी असते, कुणीतरी त्याच्यावर दया करते आणि ते हसते, एवढेच. काही पुस्तकांत तर त्याला आधी गोल करावा लागतो किंवा सुंदर चित्र काढून दाखवावे लागते, तेव्हाच वर्ग त्याला आपले म्हणतो. ओब्रायन यांच्या पुस्तकांनाही या दुसऱ्या आक्षेपाचा थोडा स्पर्श होतो, हे मान्य करायला हवे. ज्याला काहीच विशेष येत नाही अशा नव्या मुलालाही मित्र हवा असतो. म्हणून दुकानात पुस्तक चाळताना मी नेहमी एकच पाहते : शेवटच्या पानापर्यंत कोण बदलले? केवळ नवे मूल बदलले असेल, तर पुस्तक परत ठेवावे. आधीपासून असलेली मुलेही काही नवे शिकली असतील, अडखळली असतील, त्यांनाही नव्या मुलाकडून काही हवेसे वाटले असेल, तर ते पुस्तक घरी आणावे. शिक्षिकेशीही बोलावे. एका नव्या मुलीची सगळी जबाबदारी एकाच आठ वर्षांच्या मुलीवर टाकण्याऐवजी ती दोन-तीन मुलींत वाटून देता येते.

प्रश्न : आम्ही लवकरच जर्मनीला जाणार आहोत. मुलगा बारा वर्षांचा आहे आणि चित्रपुस्तके लहान मुलांची असतात म्हणून हातही लावत नाही. त्याच्यासाठी काही आहे का? (एक आई, पुणे)

उत्तर : शॉन टॅन यांचे ‘द अरायव्हल’ (२००६) त्याच्यासमोर नुसते ठेवून द्यावे. सव्वाशेहून अधिक पानांचे हे पुस्तक पूर्णपणे निःशब्द आहे आणि ते बारा वर्षांच्याच काय, मोठ्या माणसाचीही परीक्षा पाहते. एक माणूस बायको-मुलीला मागे ठेवून दूरच्या शहरात जातो. त्या शहरातील प्राणी, फळे, घड्याळे आणि अक्षरेसुद्धा टॅन यांनी कल्पनेने घडवली आहेत, त्यामुळे त्या माणसाइतकेच आपणही तिथे निरक्षर ठरतो. टॅन यांचे वडील मलेशियातून पश्चिम ऑस्ट्रेलियात आले होते, आणि न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर उतरलेल्या स्थलांतरितांची जुनी छायाचित्रेही त्यांनी या चित्रांसाठी अभ्यासली. त्या माणसाला तिकीट काढायला, जेवण शोधायला मदत करणारी माणसे स्वतःही कुठून ना कुठून पळून आलेली असतात आणि प्रत्येक जण आपली कहाणी सांगतो. शेवटी त्याची मुलगी त्या शहरात येते आणि रस्ता शोधणाऱ्या एका नव्या बाईला वाट दाखवते. मुलाने पहिल्यांदा ते अर्धवट सोडले, तरी पुस्तक उचलून ठेवू नये. जर्मनीत पोहोचल्यावर तो ते पुन्हा उघडण्याची शक्यता मोठी आहे.

प्रश्न : मी चाकणजवळच्या जिल्हा परिषद शाळेत दुसरीला शिकवतो. कारखान्यांत कामाला आलेल्या कुटुंबांची मुले दरवर्षी वर्गात येतात; कुणाच्या घरी भोजपुरी बोलतात, कुणाच्या घरी ओडिया. गावातली मुले त्यांच्याशी खेळत नाहीत. परदेशातील जी पुस्तके आपण सांगता, ती आम्हाला परवडणारी नाहीत आणि मुलांना वाचताही येणार नाहीत. मराठीत काय आहे? (एक शिक्षक, खेड तालुका)

उत्तर : दुसऱ्या राज्यातून आलेले मूल आणि गावातले मूल यांच्या मैत्रीवरची चांगली मराठी चित्रपुस्तके फार थोडी आहेत. ज्या राज्यात उसाच्या फडांपासून कारखान्यांपर्यंत सगळीकडे स्थलांतरित कुटुंबे राबतात, तिथे ही उणीव लाजिरवाणी आहे, असे मला मनापासून वाटते. तरीही आपल्या वर्गात उद्यापासून करता येईल असे पुष्कळ आहे.

जिथे समान भाषाच नाही तिथे शब्द नसलेले पुस्तक सर्वांत उपयोगी पडते, हे एका बेटावर करून पाहिलेले आहे. इटलीचे लाम्पेदुसा बेट सिसिलीपेक्षा ट्युनिशियाला जवळ आहे आणि आफ्रिकेतून होड्यांतून येणारी असंख्य माणसे तिथे उतरतात. मुलांच्या पुस्तकांसाठी काम करणाऱ्या ‘इबी’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१२ साली देशोदेशींची निःशब्द चित्रपुस्तके निवडून या बेटावर पाठवायला सुरुवात केली. बेटावर तोवर वाचनालयच नव्हते, म्हणजे गरज तिथल्या मुलांचीही होती, आणि म्हणून बेटावरची मुले आणि बाहेरून आलेली मुले अशा दोघांसाठी वाचनालय करायचे ठरले. ही संस्था जेला लेपमन यांच्या पुढाकाराने १९५३ साली झ्युरिकमध्ये स्थापन झाली. लेपमन या ज्यू पत्रकार होत्या, त्यांना नाझींच्या काळात जर्मनी सोडावी लागली होती, आणि तरीही युद्धानंतर परत येऊन त्यांनी १९४६ साली म्युनिकमध्ये जर्मन मुलांसाठी अनेक देशांच्या बालपुस्तकांचे प्रदर्शन भरवले.

आपल्याला महागडी पुस्तके लागणार नाहीत. ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेच्या ‘स्टोरीविव्हर’ या संकेतस्थळावर मराठी, हिंदी आणि ओडिया भाषांतील सचित्र गोष्टी विनामूल्य वाचता येतात, उतरवून घेता येतात आणि छापताही येतात. परवाना खुला असल्यामुळे त्यांचे भाषांतर करायलाही मुभा आहे. एकच गोष्ट मराठीत आणि ओडियात छापून घ्यावी. मराठी आपण वाचावी आणि ओडिया वाचण्यासाठी एखाद्या मुलाच्या आईला किंवा वडिलांना बोलवावे. कामाच्या पाळीमुळे त्यांना दिवसा येता येत नसेल, तर फोनवर ध्वनिमुद्रण मागवावे. ज्या मुलाला वर्गात मराठी येत नाही म्हणून मागे बसावे लागते, त्याच्या घरची भाषा शाळेत मोठ्याने वाचली गेली, की गावातील मुले त्याच्याकडे वळून पाहतात.

दुसरे काम मुलांच्या हातून करून घ्यावे. माधुरी पुरंदरे यांचे ‘राधाचं घर’ आपल्या शाळेत नसेल तर मिळवावे. त्यात राधा आपल्या घरातील माणसांची साध्या शब्दांत ओळख करून देते. ते वाचून झाल्यावर प्रत्येक मुलाने स्वतःच्या घराचे आठ पानांचे पुस्तक करावे. मुलांच्या जोड्या मात्र आपण लावाव्यात, एक गावातले आणि एक बाहेरून आलेले. एकाने आपल्या घराविषयी सांगायचे, दुसऱ्याने त्याचे चित्र काढायचे, आणि मग उलट. न समजलेल्या ठिकाणी मुले हातवारे करतील, आणि चित्र चुकले की पुन्हा काढतील. पत्र्याची खोली, चाळीतले एकच बिऱ्हाड, गावाकडे राहिलेली आजी, हे सगळे त्या पानांत येईल. कुणाचे घर लहान म्हणून कुणी हसले, तर तिथल्या तिथे थांबवावे, पण आधीपासून उपदेश करू नये.

ती पुस्तके दोऱ्याने शिवून वर्गाच्या कपाटात ठेवावीत आणि पुढच्या जूनमध्ये नवी मुले आली, की पहिल्या दिवशी त्यांच्या हातात द्यावीत. आपली हरकत नसेल तर त्यांतील दोन-चार पुस्तकांची छायाचित्रे या सदरासाठी पाठवावीत. मुलांची नावे न छापता ती पाने इतर शिक्षकांपर्यंत पोहोचवता येतील.